दहा केव्हीएचा पुकारा

आमच्या वाडीत कुणाला जनरेटर घ्यायचा असेल तर आधी साक्ष द्यावी लागते. दुकानात जायचं ते नंतर. आधी काशीभाऊ म्हात्रे तुमच्या घरी येणार, तेही दिवेलागणीला, नेमकं चहाचं आधण ठेवलेलं असताना. चपला पायरीवर काढणार, ओटीवरच्या मेन स्विचपाशी जाणार आणि एक शब्द न बोलता खटका खाली ओढणार. सगळं घर अंधारात. टीव्हीवर रडत असलेली बाई मधेच गप्प. आतून कोणीतरी "गेली वाटतं!" म्हणून ओरडणार. मग त्या अंधारात काशीभाऊ घसा खाकरणार आणि खणखणीत आवाजात पुकारा करणार.

"मिक्सर! वापरणार मंदाकिनी रमाकांत पाटील! हाजिर हो!"

मंदाकिनी ही माझी बायको. रमाकांत मी. आमची नारळा-पोफळीची वाडी आहे, किहीमच्या थोडी अलीकडे, आणि काशीभाऊ आमचे सख्खे शेजारी. मधे फक्त एक कुंपण, तेही त्यांच्या शेळीने निम्मं खाल्लेलं.

काशीभाऊंनी सगळी हयात अलिबागच्या कोर्टात पट्टेवाले म्हणून काढली. काम पुकाऱ्याचं. कोर्टाच्या दारात उभं राहून वादी-प्रतिवाद्यांची नावं घ्यायची. अमुक तमुक, हाजिर हो! तीनदा पुकारायचं. आला तर आला, नाही आला तर गैरहजर. आवाज असा की वडाखाली भजी खात बसलेला पक्षकार भजी टाकून पळत यायचा. निवृत्त झाले तेव्हा वकीलमंडळींनी शाल दिली, पण आवाज काही परत घेतला नाही. तो त्यांनी घरी आणला.

घरी आणल्यावर तो वापरायचा कुणावर? सुमनवहिनींवर. काशीभाऊंना चहा हवा असला की ओटीवरून पुकारा व्हायचा, "सुमन काशिनाथ म्हात्रे, हाजिर हो!" आम्ही आमच्या अंगणात सुपाऱ्या सोलत बसलेले असायचो. स्वयंपाकघरातून वहिनींचा आवाज यायचा, "हजर हाय! चाळीस वर्सं हजर हाय! आता काय फाशी देताव का?" मग भांड्यांचा आवाज, मग चहाचा वास. वाडीतली पोरंसोरं तो पुकारा ऐकून घड्याळ लावायची. मला विचाराल तर त्या दिवसांत आमच्या वाडीला वीज होती की नव्हती, हे मला आठवत नाही. हा आवाज तेवढा आठवतो.

मग ते मोठं वादळ आलं.

किनाऱ्यावरच्या माणसाला वादळाचं काय सांगायचं? माझ्या वाडीतले निम्मे माड त्या एका दुपारी झोपले. विजेचे खांब तर काडेपेटीतल्या काड्यांसारखे पडले होते. लाईट गेली ती गेलीच. विहिरीत पाणी, पण वर काढायला मोटार नाही. तेव्हा अख्खी वाडी काशीभाऊंच्या ओटीवर जेवायची. सुमनवहिनींनी मागच्या पडवीतली जुनी चूल पेटवली होती, मंदा पाट्यावर वाटण वाटायची आणि काशीभाऊ दारात उभे राहून एकेका घराचं नाव पुकारून पंगत बसवायचे. माणूस दुःखात असताना सुखी असू शकतो का, हे मला ठाऊक नाही. पण त्या दिवसांची आठवण निघाली की आम्ही सगळे हसतो, हे खरं.

लाईट परत आली आणि जो तो जनरेटरच्या मागे लागला. रेवस रस्त्याला इक्बालभाईंचं दुकान आहे. पंप, मोटारी, जनरेटर, सगळं. त्यांचे आजोबा गलबतातून मालाची ने-आण करायचे, भाऊ आखातात, आणि इक्बालभाई इथे, दाढीला मेंदी लावून गल्ल्यावर. लोक जायचे आणि म्हणायचे, "मोठ्यातला मोठा द्या." इक्बालभाई कशाला नाही म्हणतील?

नाही म्हणाले ते काशीभाऊ. त्यांना हा नाद कुठून लागला, देव जाणे. मला वाटतं, निवृत्त माणसाला कुठेतरी निकाल द्यायचा असतो. इक्बालभाईंच्या मेकॅनिकजवळ बाकड्यावर बसून बसून त्यांनी एक गोष्ट पकडली, की जनरेटर लहान घेतला तर तो दम टाकतो हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण गरजेपेक्षा मोठा घेतला तरी तो बिघडतो.

"इंजिनाला पोटभर काम लागतं," काशीभाऊ समजावायचे. "दहा माणसांचं काम करनाऱ्या गड्याला एक तांब्या उचलायला ठेवलंत, तर तो झोपनारच. डिझेल अर्धवट जळतं, मग सायलेन्सरमधून कालं तेल गलतं. उपाशी इंजिन लवकर मरतं. म्हनून जेवढा लोड, तेवढाच जनरेटर."

आता लोड किती, हे ठरवायचं कसं? दुकानात लोक वाट्टेल ते सांगतात. चार पंखे, दोन फ्रीज, गिझर, ए.सी. काशीभाऊंचं म्हणणं, ही सगळी खोटी साक्ष. लाईट गेल्यावर माणसाला खरोखर काय लागतं, ते लाईट गेल्यावरच कळतं. म्हणून आधी मेन स्विच बंद. अंधारात माणूस पहिल्यांदा कशाला हात घालतो ते पाहायचं. मग एकेका वस्तूचा आणि ती वापरणाऱ्याचा पुकारा. वापरणारा घरात हजर असेल आणि "हजर" म्हणाला, तर ती वस्तू लोडात धरली. तीनदा पुकारून ओ आली नाही, तर काढली.

"कोर्टाला नातीगोती कळत न्हाईत," ते म्हणायचे. "हजेरी कळते. हजर तो धरला, गैरहजर तो काढला."

किहीमला समुद्राकाठी मुंबईच्या एका साहेबांचा बंगला आहे. त्यांना घरातल्या घरात सिनेमा बघायच्या खोलीसकट सगळं चालेल असा जनरेटर हवा होता. काशीभाऊंनी त्यांनाही सोडलं नाही. "साहेब, शपथेवर सांगा. लाईट गेल्यावर तुमी काय करता?"

साहेब प्रामाणिक. म्हणाले, "खरं सांगू? आम्ही गाडीत बसून मुंबईला निघून जातो."

"मग जनरेटर माळ्यासाठी हाय. त्याला एक पंखा नि मोबाईलपुरती एक पिन." निकाल झाला. इक्बालभाई डोक्याला हात लावून बसले. "काशीभाऊ, इमानानं सांगतो, तुमी माज्या धंद्याला कबरीत घालनार एक दिवस. वर फातेहा पण मलाच पढायला लावाल." पण इक्बालभाईंनीच नंतर दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला विचारायला सुरुवात केली, "काशीभाऊंकडून आलाव का? नाय? मग आधी तिथं जा." का, तर एकही जनरेटर तक्रार घेऊन परत येईना.

म्हणजे एक आला होता. सांगायलाच हवं, नाहीतर तुम्हाला वाटेल मी शेजाऱ्याची आरती ओवाळतोय. असाच दुसरा एक बंगला. तिथे पाण्याचा पंप माळी चालवायचा. सुनावणीच्या दिवशी माळी सासऱ्याला बोटीत बसवून द्यायला रेवसच्या धक्क्यावर गेलेला. काशीभाऊंनी पंपाचा पुकारा केला. एकदा, दोनदा, तीनदा. ओ नाही. पंप काढला! पुढे नाताळात बंगल्यावर पाहुणे आले, लाईट गेली, जनरेटर झोकात चालू झाला, दिवे लागले, गाणी लागली आणि बाथरूममध्ये एक जाडजूड गृहस्थ अंगभर साबण लावून पाण्याची वाट बघत उभे. पंप सुरू केला की जनरेटर मान टाकायचा. शेवटी त्यांना टॉवेल गुंडाळून शेजारच्या विहिरीवर न्यावं लागलं.

दुसरा कोणी असता तर ओशाळला असता. काशीभाऊ म्हणाले, "निकाल बरोबर व्हता. माळी गैरहजर व्हता." पण त्या दिवसानंतर मोटारींचा त्यांनी वेगळा अभ्यास केला. "मोटार म्हंजे पक्षकार," ते सांगू लागले. "उठताना तिप्पट बोंबलते. एकदा उभी राहिली की गुमान चालते. जनरेटर घ्यायचा तो उठतानाच्या बोंबेला पुरंल असा. आनि सगल्या मोटारी एकदम उठवायच्या न्हाईत. एकेकीला पुकारायचं. एक उभी राहिली की मग दुसरी."

आमच्या घरची सुनावणी तर वाडीभर गाजली. मेन स्विच खाली, मंदा लाटणं हातात घेऊन ओटीवर. काशीभाऊंनी विचारलं, "मंदा, शपथेवर सांग, लाईट गेल्यावर मिक्सर पायजेच का?"

"पाटा-वरवंटा तुम्ही घेणार का हातात?" मंदा म्हणाली.

आत सुमनवहिनी होत्या, त्या खुदकन हसल्या. मिक्सर धरला गेला. माझी वाडीतली मोटार मात्र काढली. "झाडं काय पलून जात न्हाईत. लाईट आल्यावर पानी पाज." निकाल असा लागला, की आम्हाला जनरेटर नकोच, बऱ्यापैकी इन्व्हर्टर पुरे. मी हिरमुसलो. माझ्या मनात एक छान हिरवा, चाकांवरचा जनरेटर भरला होता. पण अपील करायचं कुठे?

पुढच्या वर्षी सुमनवहिनी गेल्या. दोन दिवसांच्या तापाचं निमित्त. मुलगा दिनेश दोह्याहून आला, मुलगी रेखा डोंबिवलीहून आली, बाराव्या-तेराव्यापर्यंत घर भरलेलं होतं. मग एकेक जण निघाला. शेवटची गाडी गेली तेव्हा काशीभाऊ दारात उभे होते, कोर्टात असायचे तसे, पण आवाज नव्हता.

घरचा पुकारा थांबला. चहा ते स्वतः करून प्यायचे. कधी मंदा कुंपणावरून कप द्यायची. लोकांच्या घरी सुनावणी अजून व्हायची, पण स्वतःच्या ओटीवर ते खालच्या आवाजात बोलायचे. आणि एक गंमत आमच्या उशिरा लक्षात आली. साऱ्या पंचक्रोशीला जनरेटर ठरवून देणाऱ्या या माणसाच्या घरी साधा इन्व्हर्टरही नव्हता. लाईट गेली की मेणबत्ती. कोणी विचारलं की म्हणायचे, "माझी केस अजून बोर्डावर आली न्हाय."

ती यंदा पावसाळ्यात आली. दिनेश दर रविवारी दोह्याहून मोबाईलवर तोंड दाखवतो. त्या रविवारी लाईट नव्हती. काशीभाऊ मेणबत्तीपाशी बसले, तरी पोराला दिसला नुसता काळोख! तो ओरडायला लागला, "बाबा, तुमचा चेहराच दिसत नाही. आहात ना तुम्ही?" त्याच आठवड्यात त्याने इक्बालभाईंना फोन केला. बाबांकडे जनरेटर बसवा. एकटा माणूस, एक पंखा, एक ट्यूब, एक टीव्ही. दोन केव्हीए ताकदीचा पुष्कळ झाला.

दुसऱ्या दिवशी इक्बालभाई तडक आमच्याकडे आले. चेहरा उतरलेला. "रमाकांतभाऊ, काशीभाऊंचं डोकं ठिकानावर नाय. दोन केव्हीए नको बोलतात. दहा पायजे बोलतात. दहा! आवो, मी विकनारा मानूस, आनि मीच बोलतो नको, आनि ते ऐकत नायत. त्या घरात दहा केव्हीए लावला तर सहा महिन्यांत काला धूर. हे मला कोनी शिकवलं? त्यांनीच ना?"

मी काशीभाऊंकडे गेलो. ते ओटीवर पाय सोडून बसले होते. शेळी त्यांच्या धोतराचा काठ चावत होती आणि त्यांना पत्ता नव्हता.

"काशीभाऊ, दहा कशाला?"

"घर मोठं हाय," ते म्हणाले.

"घराचा लोड नसतो, माणसांचा असतो. तुम्हीच सांगता."

त्यांनी शेळीच्या तोंडातून धोतराचा काठ सोडवला. मग म्हणाले, "दोन केव्हीए आनला म्हंजे ठरलंच की रे रमाकांत. ह्या घरात आता एकच मानूस राहनार, असा निकालच झाला ना तो? लोक जनरेटर एकदाच घेतात. पंधरा-वीस वर्सं तोच चालतो."

जनरेटरच्या पाटीवरचा आकडा माणसाला इतका लागू शकतो हे मला कधी सुचलं नव्हतं. पण नियम त्यांचाच होता. शेवटी मीच म्हणालो, "मग सुनावणी होऊ द्या. तुमच्या पद्धतीने. पुकारा मी करतो."

कोर्टातला माणूस सुनावणीला नाही कसा म्हणेल? "ये उद्या दिवेलागणीला," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी, मंदा आणि इक्बालभाई गेलो. घर झाडून लख्ख केलेलं. प्रत्येक खोलीचं दार उघडं. काशीभाऊ इस्त्रीचा सदरा घालून बाकड्यावर बसलेले, आरोपी बसतो तसे. मी मेन स्विच खाली ओढला आणि घसा साफ केला. माझा आवाज म्हणजे नारळवाल्याचा. पण केला पुकारा.

"काशिनाथ बाळाराम म्हात्रे, हाजिर हो!"

"हजर." एक पंखा, एक ट्यूब, एक टीव्ही धरला.

"दिनेश काशिनाथ म्हात्रे, हाजिर हो!" तीनदा पुकारलं. उघड्या खोलीतून काही आलं नाही.

"गैरहजर," इक्बालभाई हळूच म्हणाले.

"तारीख द्या," काशीभाऊ म्हणाले.

"आवो, पन तुमीच सांगितलंय, तीनदा पुकारायचं नि काढायचं..."

"पक्षकार परमुलखात हाय. कोर्ट असल्याला तारीख देतं. गनपतीची तारीख द्या. त्याच्या खोलीतला ए.सी. धरा."

मी तारीख दिली. रेखाला मे महिन्याची दिली. तिची मुलं आली की पंप सारखा चालतो, म्हणून पंप धरला. जावयालाही त्यांनी तारीख मागून घेतली, इस्त्रीसाठी. इक्बालभाई कपाळावरचा घाम पुसत होते. मला हसूही येत होतं आणि रडूही.

"संपलं?" मी विचारलं.

"एक राहिलं," काशीभाऊ म्हणाले. ते उठले. दारात जाऊन उभे राहिले, पाठ ताठ, एक हात चौकटीला. आणि दोन-अडीच वर्षांनी त्या दारातून तो आवाज आम्ही पुन्हा ऐकला.

"मिक्सर! वापरणार सुमन काशिनाथ म्हात्रे! हाजिर हो!"

समोरच्या वाडीतले बगळे उडाले. त्यांनी दुसऱ्यांदा पुकारलं. आम्ही तिघंही खाली बघत होतो. तिसऱ्यांदा नाव घेताना आवाज मधेच बसला, "हाजिर हो" पुरं झालंच नाही.

हिला तारीख द्या, असं ते म्हणू शकत नव्हते. ते परत बाकड्यावर येऊन बसले. "काढा," म्हणाले. "मिक्सर काढा. पोरांचं पन काढा. ती काय, गनपतीला चार दिवस येतील नि जातील. माझा नियम मलाच मोडता येनार न्हाय. इक्बाल, दोन केव्हीए पाठव."

इक्बालभाई दाढी कुरवाळत उभे. आणि मंदा, जी आतापर्यंत चौकटीला टेकून गप्प होती, ती पुढे आली.

"काशीभाऊ, एक विचारू? केस चालू असताना कोणी मयत झालं तर कोर्ट काय करतं?"

"वारस लावतं," ते सवयीने म्हणाले. "मयताच्या जागी वारसाचं नाव येतं. केस फुडं चालते."

"मग लावा की. त्या वादळात त्यांच्याच पडवीत मी वाटण वाटलंय. आंबोशीचं सार मला त्यांनीच शिकवलं. मी हजर आहे. माझा मिक्सर धरा."

काशीभाऊ गोंधळले. "तुझा मिक्सर तुझ्या घरात हाय."

"मग वायर टाका ना कुंपणावरून! तसंही ते तुमच्या शेळीने खाल्लंय."

इथे इक्बालभाईंच्यातला दुकानदार जागा झाला. मी त्यांच्या चेहऱ्यावर दिवा लागलेला पाहिला, लाईट नसताना. "थांबा, थांबा! रमाकांतभाऊंच्या वाडीची मोटार काढलेली, ती पन घ्या. आनि ती वाडीची सार्वजनिक विहीर? तिच्या मोटारीला कोनी वालीच नाय. लाईट गेली की अख्ख्या वाडीचे नळ सुके. दोन मोटारी, दोन घरं, मिक्सर... काशीभाऊ, दहा केव्हीए पोटभर जेवतो! अल्ला कसम, उपाशी राहत नाय."

काशीभाऊंनी मनातल्या मनात हिशेब केला. ओठ हलत होते. मग म्हणाले, "मोटारी एकदम उठवायच्या न्हाईत."

"नाही उठवणार," मी म्हणालो. "तुम्ही पुकाराल तशा उठवू."

गणपतीच्या आधी जनरेटर आला. मागच्या पडवीत, जिथे वहिनींची वादळातली चूल होती, तिथे चौथरा बांधून बसवला. दिनेश आला तेव्हा त्या धुडाकडे बघून म्हणाला, "बाबा, हे काय?" काशीभाऊ म्हणाले, "कोर्टाचा निकाल." पोरगा चार दिवस ए.सी.त झोपला आणि गेला. तारीख पाळली, हे महत्त्वाचं.

आता लाईट गेली की आमच्या वाडीत कोणी मेणबत्ती शोधत नाही. सगळे आपापल्या खटक्यापाशी उभे राहतात. आधी पडवीतून इंजिनाची धडधड येते, मग ओटीवरून पुकारा. "सार्वजनिक विहीर, हाजिर हो!" तिकडून आवाज येतो, "हजर!" मोटार बोंबलते, उभी राहते. "रमाकांत पाटील, मोटार, हाजिर हो!" मी "हजर" म्हणून खटका दाबतो. सगळ्यात शेवटी नाव येतं, "सुमन काशिनाथ म्हात्रे!" आमच्या स्वयंपाकघरातून मंदा ओरडते, "हजर हाय, काशीभाऊ!" आणि मिक्सर फिरवते. वाटायचं असो वा नसो, चार शेंगदाणे तरी टाकून फिरवतेच. तो आवाज कुंपणापलीकडे पोचल्याशिवाय काशीभाऊ ओटीवरून हलत नाहीत.

परवा मंदा माहेरी नागावला गेली होती आणि नेमकी संध्याकाळी लाईट गेली. विहीर हजर झाली, माझी मोटार हजर झाली, आणि मग ते नाव आलं. मी मोटारीपाशी वाडीत उभा. मंदा नाही हे त्यांना सांगायचं राहूनच गेलं होतं. दुसऱ्यांदा पुकारा झाला. आवाज थोडा बारीक वाटला. मी पडत-झडत धावलो, पायातली एक चप्पल पोफळीच्या आळ्यात गेली. तिसरा पुकारा सुरू झाला तेव्हा मी स्वयंपाकघरातल्या ओट्यापर्यंत पोचलो होतो. माझ्या या नारळवाल्या घशातून, जमेल तेवढ्या मोठ्याने ओरडलो, "हजर हाय!" आणि मिक्सर चालू केला.

सकाळी काशीभाऊ कुंपण ओलांडून आले. हातात फोडलेल्या नारळाची वाटी होती. ती त्यांनी आमच्या ओटीवर ठेवली.

"काल मिक्सर रिकामा फिरवलास ना?" त्यांनी विचारलं.

"तुम्हाला कसं कळलं?"

"आवाजावरून." ते वळले, दोन पावलं गेले आणि थांबले. "थोडं खोबरं तरी टाकत जा रमाकांत. सुमनला रिकामा फिरवलेला आवडायचा न्हाय."